सुट्टीची पट्टी

सरजाबाईच्या पोटावर चार बोटं लांबीची खूण होती आणि त्या खुणेला तळेवाडीत मान होता. गावात नवी सून आली की तिला सरजाबाईकडं बसायला धाडायचे. मग आधी कुंकू, मागून चहा आणि शेवटी खूण, असा रिवाज पडला होता. लातूर जिल्हा व्हायच्या आदल्या साली सरजाबाईचं ऑपरेशन झालं होतं, पोरं बंद करायचं. त्या काळी बाईला आठवडाभर दवाखान्यात खाटेवर निजवून ठेवत, टाके काढत आणि मग बैलगाडीत गादी टाकून घरी आणत. घरी आल्यावर सव्वा महिना तिनं हंडा उचलायचा नाही, जात्यावर बसायचं नाही, वाकायचं नाही. सरजाबाईच्या माहेराहून डिंकाचे लाडू आले. सासूनं, म्हणजे नीलम्मानं, जी सुनांनी आणलेल्या पाण्यातसुद्धा खोट काढायची, तिनं स्वतः चुलीपुढं बसून शिरा करून घातला.

"सात टाके हायत," नीलम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "एक जरी उसवला तर आतडी भाईर येतील."

त्या सव्वा महिन्यात सगळ्या घराचं पाणी धाकट्या सुनेनं, नागुबाईनं, एकटीनं भरलं. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. मनात फक्त एक गाठ मारून ठेवली, की माझी बी पाळी येईल. बाईमाणसाला जन्मात दोनदाच निजायला मिळतं, बाळंतपणात आणि ऑपरेशनात. त्यात बाळंतपणात रडणारं लेकरू कुशीत असतं, म्हणजे ते काही निजणं नव्हे. खरी सुट्टी ऑपरेशनाचीच.

मग जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून पुढारी एकमेकांच्या गळ्यात पडले. तळेवाडीच्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना उस्मानाबादला कधी कुणी नेलं नव्हतं आणि लातूरलाही कुणी नेणार नव्हतं. पुढं दोन पावसाळे कोरडे गेले. जिल्हा नवा आला, दुष्काळ तोच जुना. तळेवाडीचं तळं कोणत्या पिढीत आटलं ते आधीच कुणाला ठाऊक नव्हतं, आता घरणी नदीही आटली. नदीच्या वाळूत बायांनी झिरे खणले. झिऱ्यात उतरायचं, पाझर साचायची वाट बघायची, वाटीवाटीनं घागर भरायची, आणि डोक्यावर हंडा, कंबरेवर घागर घेऊन चढ चढून घरी यायचं. शिरूर अनंतपाळच्या बाजारात पुढारी जिल्ह्याच्या विकासावर बोलायचे तेव्हा समोर एकही बाई नसायची. सगळ्या झिऱ्यावर असायच्या.

नव्या जिल्ह्याला नाव काढायचं होतं. नाव काढायला मोजता येईल असं काहीतरी लागतं. पाऊस मोजण्यात अर्थ नव्हता, म्हणून बायांची ऑपरेशनं मोजायचं ठरलं. मार्च तोंडावर आला तसे तलाठी, मास्तर, ग्रामसेवक सगळे बायांच्या मागं लागले. पुरुषाचं ऑपरेशन त्याहून सोपं असतं, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकाच्याही तोंडून निघत नव्हतं. निघालं ते नर्सबाईच्या तोंडून.

नर्सबाई म्हणजे पंचशीलाबाई. तीन गावं तिच्याकडं होती, आणि ती पायीच फिरायची. नीलम्माच्या घरी आली की ती अंगणातच उभी राहायची, कारण नीलम्मा तिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती. सुया घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या, पण उंबऱ्याबाहेर. पंचशीलाबाईच्या बापानं छप्पन साली धर्म बदलला, तिनं शिक्षण घेतलं, सरकारनं तिला नोकरी दिली, पण नीलम्माचा उंबरा काही बदलला नाही.

त्या दिवशी अंगणातूनच ती नागुबाईच्या नवऱ्याला म्हणाली, "शिवप्पा, तुम्हीच का करून घेत न्हाई? तुमचं तर चुटकीचं काम हाय."

शिवप्पा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होता. तो म्हणाला, "मला खडी फोडायची आसती, बाई. ताकद जाती म्हंत्यात त्यानं."

"आन् नागुबाई काय झोपाळ्यावर बसती?"

माजघरातून नीलम्मा म्हणाली, "पुरुषाला कोन कापतंय का? काय बोलायलीस बाई."

"कापा मला," नागुबाई चुलीपासून म्हणाली. "मी तयार हाय."

ती एवढ्या आनंदानं म्हणाली की सगळे तिच्याकडं बघायला लागले. दुसऱ्याच दिवशी तिनं बाज उन्हात टाकून ढेकूण झटकले, सैल झालेली सुंभं आवळून घेतली, माहेरी निरोप धाडला आणि सरजाबाईला विचारलं, "सरजाक्का, कोन्या कुशीवर निजल्यावर बरं वाटतंय?"

"पयले आठ दिस उताणंच," सरजाबाई जाणत्या माणसाच्या थाटात म्हणाली.

शिबिराला जीप आली. जीपचा ड्रायव्हर जिलानी मोठा बोलका होता. तळेवाडीच्या बाया मागं कोंबून तो म्हणाला, "आपा, घबरू नको. अब चाकूबिकू कुच नई. नया डाक्टर आया, दुर्बिणवाला. पेट में आँख लगाके देखता."

नागुबाईला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

आरोग्य केंद्राच्या दवाखान्यापुढं मांडव होता. मांडवाच्या खांबाला मोठा बोर्ड: 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया. सकाळी या, संध्याकाळी घरी जा. दुसऱ्या दिवशी कामाला लागा.' नागुबाईला वाचता येत नव्हतं. शिवप्पाला चौथीपर्यंतचं येत होतं, त्यानं बोर्ड नीट वाचला आणि खूश झाला. बायकोला काही सांगितलं नाही.

डॉक्टर वाकळे तरुण होते. मुंबईला जाऊन ही विद्या शिकून आले होते आणि ती नळी हातात अशी धरत होते, की जणू कुणी हरिदासानं वीणा धरावी. खोटं कशाला बोला, होतीच ती नळी तशी. बोटाएवढी जाड, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. बेंबीखाली चणा जाईल एवढं भोक, त्यातून पोटात हवा भरायची, पोट फुगलं की नळी आत, आणि आतलं सगळं उजेडात. ज्या कामाला आधी बाईचं पोट चिरावं लागायचं, ते हा माणूस एक डोळा मिटून करत होता. बाई मरत नव्हती, जखम चिघळत नव्हती. पंचशीलाबाईसुद्धा ते यंत्र पहिल्यांदाच बघत होती आणि बघतच राहिली होती.

नागुबाईला टेबलावर घेतलं, सुई टोचली, टेबल तिरकं केलं. डोकं खाली, पाय वर. गुंगी चढत होती, पण ऐकू येत होतं.

"डाक्टर, काय दिसायलंय?"

"सगळं दिसतंय, बाई. लख्ख."

"पानी दिसायलंय का कुठं?"

डॉक्टरांचा डोळा नळीवरून हलला. "हे पोटातलं बघायचं यंत्र आहे."

"एकदा आमच्या गावाच्या पोटात बी घाला की. पाणाड्यानं तळहातावर नारळ फिरवला आन् चार ठिकानी खड्डे पाडले. निस्ती धूळ निघाली."

सगळे हसले. डॉक्टरही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"ऑपरेशन."

नागुबाईला वाटलं, मस्करी करतोय. "टाके?"

"एकही नाही," डॉक्टर म्हणाले. ते वाक्य म्हणायला त्यांना फार आवडत असावं.

नागुबाईनं उलट्या लटकत्या डोक्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. "एकबी न्हाई? मंग घाला की दोन-चार."

"गुंगीत बोलतेय," डॉक्टर म्हणाले. "पुढची घ्या."

दिवस मावळायच्या आत जिलानीनं तिला दारात आणून सोडलं. गादी नाही, बैलगाडी नाही, मागं रडत येणारी आई नाही. ती जीपमधून उतरली तीच आपल्या पायावर. नीलम्मा तिला बघून थबकली.

"न्हाई झालं का?"

"झालं."

"मंग चालायलीस कशी?"

शेजारच्या बाया जमल्या. लुगडं सारून खूण बघायची पद्धत होती, त्याप्रमाणं बघितली. बेंबीखाली एवढीशी चिकटपट्टी. नीलम्मानं वाकून बघितलं, दिवा जवळ आणवला, परत बघितलं.

"ह्याच्यापरीस मोठं तर मला बाभळीच्या काट्यानं पडलं हुतं," ती म्हणाली. "आन् त्या दिशी मी तूर कापली हुती."

नागुबाईला पोटात नुसती कुरकुर होती. कळ येत होती ती खांद्यात, अशी की हात वर होईना. पोटात भरलेली हवा वर चढली की खांदा धरतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. नागुबाईला कुणी सांगितलं नव्हतं.

"खांदा लई दुखायलाय," ती म्हणाली.

नीलम्मानं सगळ्या बायांवरून नजर फिरवली. "ऑपरेशन पोटाचं, दुखतो खांदा. उद्या दात दुखंल."

आणि त्यावर शिवप्पानं, आपल्याला चौथीपर्यंतचं येतं हे दाखवायची संधी साधून, बोर्ड पाठ म्हणून दाखवला. "दुसऱ्या दिवशी कामाला लागा. सरकारनंच लिवलंय."

नागुबाईनं आवळलेल्या बाजेकडं बघितलं. माहेरच्या लाडवांचा डबा अजून यायचाच होता. शिऱ्याचं तर नावच नव्हतं. त्या घराचा कायदा साधा होता. जेवढी मोठी खूण, तेवढी मोठी सुट्टी. सात टाक्यांना सव्वा महिना. शून्य टाक्यांना किती, हे नीलम्माला हिशेब न येताही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागुबाई झिऱ्यावर गेली.

सरजाबाई शेजारच्याच झिऱ्यात उतरली होती. वाटी खरवडत ती म्हणाली, "माझ्यावर रागवू नको, नागू. मला टाके हुते. तुला असते तर मी भरलंच असतं की दोघींचं."

"तुझं मी भरलं तवा मी टाके मोजले हुते का?"

"तूच सांग, घरात काय सांगू मी? तिला काय झालंय म्हनून सांगू?"

सरजाबाई वाईट नव्हती. ती थकलेली होती. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा थकवा दिसायला पुरावा लागतो.

नागुबाईनं हंडा डोक्यावर घेतला. खांद्यातली कळ मानेत शिरली. चढाच्या मधोमध नदी आणि आभाळ यांनी जागा बदलली, आणि ती मटकन खाली बसली. हंडा उलटला, पाणी वाळूत गेलं. मागून येणाऱ्या बायांनी एकदम हाळी दिली, "आगं, पानी सांडलं." बाई पडली, असं कुणी म्हणालं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. बाई परत उठणार होती, पाणी परत येणार नव्हतं.

नेमकी त्याच वाटेनं पंचशीलाबाई येत होती. ऑपरेशन झालेल्या बायांची दुसऱ्या दिवशी चौकशी करायचं तिचं काम होतं. तिनं नागुबाईला हाताला धरून उठवलं आणि घराकडं आणलं. घरात तिला जागा नव्हती, म्हणून दोघी गोठ्यात शिरल्या. गुरं छावणीत गेली होती, गोठा रिकामाच होता. पंचशीलाबाईनं नाडी बघितली, पोट दाबून बघितलं.

"ठीक हाय सगळं. खांद्याचं दोन दिसात जाईल, ती हवा हाय. पन हंडा कुनी उचलाय सांगितला तुला?"

"तुमच्या बोर्डानं." नागुबाईला रडू येत नव्हतं, राग येत होता. "बाई, तुमचं यंत्र लई गुणाचं हाय. पन त्यानं माझी सुट्टी खाल्ली. सरजाक्काला चिरलं तर तिला शिरा मिळाला, मला चिरलं न्हाई म्हनून मला हंडा मिळाला. हे कसलं सुधारणं? मला टाके घाला."

"येडी का खुळी तू? चांगल्या कातड्याला टाके?"

"चार घाला. सात नकोत. चारात बी भागतंय."

पंचशीलाबाई आधी हसली. मग तिचं हसणं बंद झालं. सकाळपासून ती ज्या ज्या घरी गेली होती, तिथं तिथं ऑपरेशनवाली बाई घरात सापडली नव्हती. एक खडीवर होती, एक सरपणाला गेली होती, एक झिऱ्यात. तिनं आपली पिशवी उघडली. हातभर रुंदीची पट्टी काढली, जांभळं औषध काढलं, बेंबीभोवती असं फासलं की लांबून बघणाऱ्याला पोटात काहीतरी फुटलंय असं वाटावं. मग छातीखालपासून कंबरेपर्यंत पट्टीचे वेढ्यावर वेढे मारले. नागुबाई मूर्तीसारखी ताठ झाली.

"आता वाकता येत न्हाई," ती म्हणाली.

"त्याच्यासाठीच हाय ती."

अंगणात येऊन पंचशीलाबाईनं नीलम्माला हाक मारली. "नीलम्मा, नीट ऐका. आत कड्या बसवल्यात. भाईरून दिसत न्हाईत. ही पट्टी मी सोडल्याशिवाय कुनी सोडायची न्हाई. तोवर हंडा न्हाई, वाकनं न्हाई. काय झालं तर मी जबाबदार न्हाई."

नीलम्मानं पट्टी बघितली. पट्टीखालून उतरलेला जांभळा ओघळ बघितला. एवढी मोठी पट्टी तिनं सरजाबाईच्या वेळीसुद्धा बघितली नव्हती.

"कड्या?" ती म्हणाली. "लोखंडाच्या?"

"रबराच्या. पन सरकारी हायत."

नीलम्मा आत गेली आणि थोड्या वेळानं रवा भाजल्याचा वास आला.

आता घरचं पाणी कोण भरणार? सरजाबाईनं तोंड उघडायच्या आत नागुबाई बाजेवरून म्हणाली, "सरजाक्कावर समदा भार टाकू नगा. तिला बी सात टाके हुते." मग नीलम्मानं शिवप्पाकडं बघितलं. पुरुषानं डोक्यावर चुंबळ ठेवायची ही तळेवाडीच्या इतिहासातली पहिलीच वेळ. तो पहाटे, कुणी बघू नये म्हणून, अंधारात गेला. झिऱ्यावर त्याला कळलं की आपल्यासारखेच आणखी तिघंजण अंधारात आलेत.

कारण पट्टीची बातमी पसरली होती. पसरवली जिलानीनं. तो गावोगाव जीप फिरवायचा आणि जीपबरोबर तोंडही. "तळेवाडी में एक आपा को ये बडी पट्टी बांधे," तो दोन्ही हात फाकून दाखवायचा. "सास हलवा खिला रई." मग शिबिराला गेलेली प्रत्येक बाई पंचशीलाबाईच्या वाटेवर उभी राहायला लागली. हिचा खांदा धरलाय, तिला चक्कर येतीय, तिसरीला काहीच होत नव्हतं, तिनं सरळ सांगितलं, "मला बी बांधा. शेजारनीला हाय." पंचशीलाबाईच्या पिशवीतलं कापड संपलं, तेव्हा तिनं जुनी धोतरं फाडली. आठवडाभरात तिन्ही गावांच्या झिऱ्यावर पागोट्यांवर हंडे दिसायला लागले. पुरुषांनी पहिल्या दोन दिवसांत पाणी सांडलं, तिसऱ्या दिवशी शिव्या दिल्या, चौथ्या दिवशी सरपंचाच्या दारात जाऊन टँकर मागितला. दोन वर्षं बाया मागत होत्या तेव्हा सरपंच 'बघू' म्हणाला होता. आता तो सायकल काढून तालुक्याला गेला.

अशात एका दुपारी जिलानीची जीप तळेवाडीत आली. पुढं डॉक्टर वाकळे, शेजारी जिल्ह्याचे एक साहेब, मागं गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस. साहेबांना फोटो पाहिजे होता. बिनटाक्याचं ऑपरेशन झालेली बाई, डोक्यावर भरलेला हंडा, चेहऱ्यावर हसू. तो फोटो पुढच्या बोर्डावर छापायचा होता. ते थेट झिऱ्यावर गेले. तिथं फेटेवाले आणि टोपीवाले ओळीनं बसले होते, वाटीनं पाणी उपसत.

"बाया कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"सुट्टीवर," वाळूत बसलेला शिवप्पा म्हणाला.

मग सगळी वरात शिवप्पाच्या मागोमाग घरी आली. नागुबाई बाजेवर होती. पट्टी बघून डॉक्टर वाकळ्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच वाटलं की काहीतरी बिघडलं, जखम चिघळली, आपल्या हातून झालं. ते घाईनं खाली बसले आणि पट्टी सोडायला लागले. वेढ्यावर वेढा. अंगणात माणसं जमली. चौकशीला आलेली पंचशीलाबाई तुळशीपाशी उभी होती, तिनं खाली बघितलं. नागुबाईनं डोळे मिटले. शिरा, बाज, सव्वा महिना, सगळं त्या पट्टीबरोबर सुटत चाललं होतं.

पट्टी संपली. जांभळ्या डागाच्या मधोमध मुंगी चावल्यासारखी खूण होती. तीही भरून आलेली.

नीलम्मा पुढं सरकली, बघितलं, आणि हळू म्हणाली, "कुठाय जखम?"

"कुणी बांधली ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," पंचशीलाबाई म्हणाली.

साहेब तिच्याकडं वळले. "कशासाठी? सरकारी कामावर पाणी फिरवायला?"

"पानी कुठनं फिरवनार साहेब," कुणीतरी मागून पुटपुटलं.

नागुबाई बाजेवर उठून बसली. "त्या बाईला बोलू नगा. मी सांगितलं बांधायला. डाक्टर, तुमी माझ्या पोटात बघितलंय. मी बघितलं न्हाई, ह्या माझ्या सासूनं, अव्वानं बघितलं न्हाई. अव्वाला भाईर जेवढं दिसतंय तेवढंच खरं. मंग जे बघितलंय ते सांगा. आत मला काय केलंय का न्हाई?"

"केलंय ना," डॉक्टर म्हणाले. "पोटाला भोक पाडूनच आत गेलो. दोन्ही बाजूंच्या नळ्या ओढून, मुडपून कड्या बसवल्या."

"ते भरून याला दिस लागतात का?"

डॉक्टरांनी साहेबांकडं बघितलं. "लागतात."

"बोर्डावर तर दुसऱ्या दिवशी लिवलंय," शिवप्पा म्हणाला. आता त्याच्या आवाजात पहिली ऐट नव्हती.

"काम म्हणजे हलकं काम. घरातलं."

"आमच्यात हलकं काम कोनतं हाय, डाक्टर?" नागुबाई म्हणाली. "नाव सांगा, मी तेच करते."

डॉक्टरांनी शिवप्पाला विचारलं, "हंडा फार जड असतो का हो?"

"मला इचारा," शिवप्पानं मान चोळली. "आठ दिसात मान खांद्यात शिरून राहिली. उताराला बरं वाटतंय, पन उताराला हंडा रिकामा आसतो."

अंगणात हशा पिकला. नीलम्मा हसली नाही. ती डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होती. आजवर तिच्या घरात सुनेच्या दुखण्याबद्दल तिच्या शब्दापुढं शब्द नव्हता. आता ह्या पोराचा शब्द काय येतो ते तिला बघायचं होतं.

डॉक्टरांनी जमिनीवरची पट्टी उचलली. झटकली. आणि ती परत नागुबाईच्या पोटाला गुंडाळायला लागले. पंचशीलाबाईपेक्षा बरीच वाईट बांधली, पण बांधली.

"अजून आठ दिवस हंडा उचलायचा नाही," ते मोठ्यानं म्हणाले.

"पंधरा म्हना," नागुबाई हळूच म्हणाली.

"पंधरा," डॉक्टर म्हणाले.

साहेबांचा चेहरा आंबट झाला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. तेव्हा जीपला टेकलेला जिलानी म्हणाला, "साब, फोटू इसका निकालो ना," आणि शिवप्पाकडं बोट दाखवलं. "जोरू का आपरेशन, ये दुसरे दिन काम को लगा."

फोटो काही काढला नाही. पुढच्या शिबिरात मात्र बोर्डावरची शेवटची ओळ चुन्यानं पुसलेली होती, आणि जीपमध्ये दुर्बिणीच्या पेटीशेजारी रुंद पट्ट्यांचा गठ्ठा होता. तो तिथं कुणी ठेवला ते डॉक्टर वाकळ्यांनी कधी सांगितलं नाही. बाया त्याला सुट्टीची पट्टी म्हणायला लागल्या.

पण ते नंतर. त्या दिवशी जीप गेल्यावर, गर्दी पांगल्यावर पंचशीलाबाईनं पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. दारातून नीलम्माची हाक आली.

"बाई. इकडं ये."

पंचशीलाबाई अंगणातच थांबली, रोजच्या जागी.

"तिथं न्हाई. आत ये."

पंचशीलाबाईनं उंबऱ्याकडं बघितलं, मग नीलम्माकडं. नीलम्मा दुसरीकडं बघत होती. मग पंचशीलाबाईनं चपला काढल्या आणि आत गेली.

माजघरात नीलम्मा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "नऊ बाळंतपनं झाली माझी. पाचवी पुजली की शेतात. एक बी टाका पडला न्हाई कधी. टाका न्हाई म्हनून कुनी नीज म्हनलं न्हाई. माझ्या सासूनं न्हाई, मालकानं बी न्हाई." मग ती म्हणाली, "मला बी बांध की एक."

"काय दुखतंय, नीलम्मा?"

"इचारू नको. बांध."

पट्टी संपली होती, पंचशीलाबाईनं दांडीवरचं जुनं लुगडं मागितलं, फाडलं आणि बांधलं. छातीखालपासून कंबरेपर्यंत, चांगले भरपूर वेढे.

शिवप्पा नदीवरून आला तेव्हा बाजेवर दोघी होत्या. एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला आई, दोघींचं पोट बांधलेलं, मध्ये लाडवांचा डबा. सरजाबाई पायथ्याशी बसली होती आणि सांगत होती की पावसाळा जवळ आला की तिच्या जुन्या टाक्यात आतून कळ येते, लई येते. शिवप्पानं रांजणात हंडा ओतला. तिघींकडं बघितलं. रांजण निम्मासुद्धा भरला नव्हता. मग तो अंगणात पंचशीलाबाईजवळ गेला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाई, ते पुरुषाचं ऑपरेशन म्हनत हुता तुमी. त्याला पट्टी केवढी आसती?"

पंचशीलाबाईनं करंगळीचं पेर दाखवलं. "एवढुशी."

शिवप्पानं त्या पेराकडं नीट बघितलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि रिकामा हंडा घेऊन परत नदीकडं निघाला.